तत्त्वज्ञानाची पीएचडी : अर्ज, निबंध आणि भाषांच्या परीक्षा

अमेरिकेत तत्त्वज्ञानात पीएचडी करायची म्हटलं की ओळखीचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो जीआरई या प्रवेशपरीक्षेचा. मला आता कोणी सल्ला विचारला तर मी उलट विचारते, "तुमच्याकडे वीस पानांचा एक निबंध तयार आहे का? आणि तुम्ही कोणकोणत्या भाषा वाचता?" या दोन प्रश्नांची उत्तरं हाताशी असतील तर अर्ज अर्धाअधिक झाला म्हणायचा. उरलेलं बहुतेक कागदपत्रांचं काम. ते वेळ खातं, पण त्यात डोकं फारसं लागत नाही.

या सगळ्यातून मी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. विशेषतः भाषेच्या अटीबद्दल, म्हणजे संशोधनाला लागणारी भाषा वाचता येते हे सिद्ध करण्याच्या अटीबद्दल, लिहायचं आहे. अर्ज करताना तिच्याविषयी धड सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं, आणि पुढे अभ्यासाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तिचाच.

आधी वेळापत्रक. बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत संपते. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात. प्रवेश मिळाला तर होकार-नकार कळवायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. ही तारीख कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेच्या ठरावातून आली आहे. ठरावात सामील असलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर त्याआधी द्यायची सक्ती करत नाहीत, त्यामुळे कोणी घाई केली तरी घाबरून 'हो' म्हणू नये. अर्जासोबत लागतं ते असं : लेखनाचा नमुना, स्टेटमेंट ऑफ पर्पज (काय अभ्यासायचं आणि का, हे सांगणारं पत्र), तीन शिफारसपत्रं, गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि शुल्क. शुल्क प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं, साधारण शंभर डॉलरच्या आसपास. ते परवडत नसेल तर माफी मागता येते. अनेक ठिकाणी तशी सोय असते, पण ती मुदतीच्या आधी आणि आपणहून मागावी लागते. जीआरई बऱ्याच तत्त्वज्ञान विभागांनी २०२० च्या सुमारास बंद केली. तरी प्रत्येक विभागाची अट स्वतंत्रपणे वाचावी, कारण विभागाला नको असलेली परीक्षा कधीकधी विद्यापीठाला हवी असते.

एमए झालेलंच पाहिजे असंही नाही. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळतो आणि पहिली दोन वर्षं वर्गातल्या अभ्यासात जातात. आपल्याकडची तीन वर्षांची पदवी मात्र काही विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत, तिथे एमए कामी येतं. ज्यांची पदवी दुसऱ्याच विषयातली आहे त्यांच्यासाठी फक्त एमए देणारे चांगले विभाग आहेत. टफ्ट्स, ब्रँडाइस, जॉर्जिया स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय ही नावं त्यात नेहमी घेतली जातात. तिथून पुढे मोठ्या विभागांत पीएचडीला गेलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. हा रस्ता कमी प्रतीचा समजू नये.

आता लेखनाचा नमुना. नाव साधं आहे, पण निवड होते ती बहुतांशी याच्यावर. नावाजलेल्या विभागाकडे काही शे अर्ज येतात आणि जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. निवड समितीतले प्राध्यापक स्वतःचं शिकवणं सांभाळून ते अर्ज वाचतात. सगळ्यांची वीसच्या वीस पानं पहिल्या फेरीत वाचली जाणं शक्य नसतं. म्हणून पहिली दोन-तीन पानं फार महत्त्वाची. प्रश्न काय, त्यावर आजवर काय म्हटलं गेलंय आणि तुमचं म्हणणं काय, हे तेवढ्यात कळायला हवं.

माझा निबंध शब्दप्रमाणावर होता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळतं ते ज्ञान कशाच्या बळावर म्हणायचं, असा प्रश्न. आपली जन्मतारीख, पृथ्वीचं वय, दूरच्या देशातली निवडणूक, हे सगळं आपण कोणीतरी सांगितलं म्हणूनच जाणतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम म्हणतो की माणसं सहसा खरं बोलतात हा आपला अनुभव असतो, त्या अनुभवावर आपला विश्वास उभा राहतो. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांचं म्हणणं याच्या जवळचं : शब्दातून होणारं ज्ञान हे शेवटी अनुमानच. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे तत्त्वज्ञ, मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन मानतात. त्यांची प्रमाणं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द.

पहिला खर्डा मी एमएला शिकवणाऱ्या सरांना दिला. त्यांनी तो पेन्सिलीने खुणा करत वाचला आणि विचारलं, "ह्यूम कळला, न्याय कळला. तुझा मुद्दा काय?" मी म्हटलं, दोन्हींतलं साम्य दाखवायचं आहे. सर म्हणाले, "साम्य दिसलं. मग? दोघांपैकी कोण बरोबर आहे, ते सांग. नाहीतर दोघंही चुकतात, असं सांग." भारतीय दर्शनांवर लिहिणाऱ्या प्रत्येक अर्जदाराने हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. 'अमुक पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि तमुक भारतीय दर्शन : एक तुलना' हा आपल्याकडचा ठरलेला साचा आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो खपून जातो. पण निवड समितीला पाहायचं असतं की हा विद्यार्थी युक्तिवाद करू शकतो का, समोरच्याचा सगळ्यात भक्कम आक्षेप स्वतः मांडून त्याला उत्तर देऊ शकतो का. गंमत म्हणजे हे कसब आपल्या शास्त्रग्रंथांत पानोपानी दिसतं. पूर्वपक्ष इतक्या ताकदीने मांडायचा की वाचणाऱ्याला क्षणभर तोच पटावा, ही तर त्यांची रीतच.

मग निबंध पुन्हा बांधला. वैशेषिकांचा आक्षेप आधी पूर्ण ताकदीने मांडला. नंतर न्यायाची बाजू घेतली ती एकाच मुद्द्यावर. 'नदीकाठी पाच फळं आहेत' असं कोणी म्हटलं, तर ऐकणारा आधी बोलणाऱ्याची विश्वासार्हता तपासतो आणि मग त्यावरून फळांचं अनुमान काढतो, असं प्रत्यक्षात घडत नाही. वाक्य कळणं आणि ते पटणं बहुतेक वेळा एकत्रच घडतं, आणि शंकेला कारण मिळालं तरच तपासणी सुरू होते. ह्यूमची तुलना दीड पानावर आणली. निबंध आटोपशीर झाला आणि पहिल्यांदाच माझा वाटला.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. पत्र देणाऱ्याचं पद मोठं असण्यापेक्षा त्याने तुमचं लेखन वाचलेलं असणं महत्त्वाचं. विभागप्रमुखांनी चार ओळीत 'कष्टाळू व शिस्तप्रिय' असं लिहून दिलेलं पत्र निरुपयोगी ठरतं. ज्या अध्यापकाशी तुम्ही एखाद्या मुद्द्यावर तासभर वाद घातला आहे त्याच्याकडे जा, त्याला निबंध द्या आणि मुदतीच्या दोन महिने आधी विचारा.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये 'मला लहानपणापासून जीवनाच्या अर्थाविषयी कुतूहल होतं' ही सुरुवात करू नका. समितीला तुमचा प्रश्न, त्यासाठीची तयारी आणि त्यांच्याच विभागात यायचं कारण हवं असतं. माझ्या पत्रात मी एक परिच्छेद फक्त भाषांवर खर्च केला. मराठी मातृभाषा, संस्कृत पदवीपर्यंत, तर्कसंग्रह हा न्याय-वैशेषिकांचा प्राथमिक ग्रंथ मुळातून वाचलेला, जर्मन नुकती सुरू केलेली, जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगे मुळातून वाचता यावा म्हणून. काहींनी मला हा परिच्छेद काढायला सांगितला होता, मातृभाषेचा उल्लेख कशाला करायचा म्हणून. मी तो ठेवला. प्रवेश मिळालेल्यांना मार्चमध्ये विभाग भेटीला बोलावतो. त्या भेटीत तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रमुखांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली ती याच परिच्छेदावरून.

विभाग निवडताना फिलॉसॉफिकल गूर्मे रिपोर्ट नावाची क्रमवारी सगळेच पाहतात. ब्रायन लायटर यांनी ती सुरू केली. ओळख करून घ्यायला ती बरी आहे, विशेषतः उपविषयांनुसार दिलेल्या याद्या. पण भारतीय तत्त्वज्ञानात काम करायचं असेल तर शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या फार थोड्या तत्त्वज्ञान विभागांत या विषयाचा पूर्णवेळ प्राध्यापक असतो. जाणकार माणसं बऱ्याचदा धर्म-अभ्यासाच्या नाहीतर दक्षिण आशियाच्या विभागात बसलेली असतात. म्हणून मी प्रत्येक विद्यापीठाचे तीन-तीन विभाग पाहत असे. बिमलकृष्ण मतिलाल यांचं उदाहरण माझ्यासमोर होतं. हार्वर्डमध्ये ते संस्कृत शिकवणाऱ्या डॅनियल इंगल्स यांच्याकडे नव्यन्याय, म्हणजे न्याय दर्शनाचा नंतरचा टप्पा, शिकत होते आणि त्याच वेळी तर्कशास्त्रज्ञ क्वाइनच्या वर्गात बसत होते. १९६५ मध्ये त्यांची पीएचडी झाली आणि पुढे १९७६ पासून ते ऑक्सफर्डला स्पॉल्डिंग प्राध्यापक होते. दोन विभागांत एक-एक पाय ठेवून काम करणं तेव्हाही शक्य होतं, आजही आहे.

इंग्रजीची परीक्षा अवघड नव्हती. टोफेलला माझ्या वेळी १२० पैकी गुण असत आणि बहुतेक विभागांना १०० च्या आसपास हवे असत. गुण दोनच वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा परीक्षा फार आधी देऊन ठेवू नये. संगणकासमोर मायक्रोफोनमध्ये पंचेचाळीस सेकंदांत मत मांडायची सवय करावी लागते, इतकंच. सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर काही विद्यापीठं विद्यापीठाच्या पत्रावर ही परीक्षा माफ करतात, काही करत नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक असावी. पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळणारं विद्यावेतन सहसा अध्यापन-साहाय्याच्या बदल्यात असतं, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना वर्गात शिकवू देण्याआधी अनेक विद्यापीठं बोलण्याची आणखी एक परीक्षा घेतात. तिथे पाहतात ते हे की पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तुमचं बोलणं कळतं का. मला फळ्यावर एक तर्कदोष समजावून सांगायला लावला होता.

आता भाषेची खरी अट.

अमेरिकेतली पीएचडी जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. १८७६ साली स्थापन झालेलं जॉन्स हॉपकिन्स हे त्याचं ठळक उदाहरण. संशोधकाला जर्मन आणि फ्रेंच वाचता आलीच पाहिजे हे तेव्हापासून गृहीत धरलेलं होतं आणि कितीतरी दशकं तत्त्वज्ञान विभागांत या दोन भाषांच्या वाचन-परीक्षा सक्तीच्या होत्या. मग ती सक्ती सैल होत गेली. कारनापसारखे जर्मन बोलणारे तत्त्वज्ञ तीसच्या दशकात अमेरिकेत आले आणि इंग्रजीत लिहू लागले. तर्क आणि भाषेच्या विश्लेषणावर भर देणाऱ्या विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाची चर्चा जवळजवळ पूर्णपणे इंग्रजीत व्हायला लागली. आज बऱ्याच विभागांत सगळ्यांना लागू असलेली परभाषेची अट नाही. 'तुमच्या संशोधनाला जी भाषा लागेल ती' असा नियम असतो. ग्रीक तत्त्वज्ञानात काम करणाऱ्याला प्राचीन ग्रीक, मध्ययुगीन तत्त्वज्ञानाला लॅटिन, कांट-हेगेलला जर्मन. काही ठिकाणी भाषेऐवजी प्रगत तर्कशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो.

सैल झालेल्या नियमाचा अर्थ भाषा लागत नाही असा घेणारे माझ्या वर्गात होते. मला तसं वाटत नाही, आणि याला मूळ कारण भाषांतरांचं आहे. फ्रेगेच्या 'ग्रुंडगेझेत्से' या अंकगणिताच्या पायावरच्या ग्रंथाचे दोन खंड १८९३ आणि १९०३ चे. त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आलं २०१३ साली. कारनापचा 'आउफबाउ' हा ग्रंथ १९२८ चा, इंग्रजीत आला १९६७ मध्ये. नव्यन्यायाचा पाया घालणारी गंगेशाची तत्त्वचिंतामणी चौदाव्या शतकातली, आणि तिचं पूर्ण इंग्रजी भाषांतर २०२० चं. तिच्यावरची रघुनाथ शिरोमणी, जगदीश आणि गदाधर यांची टीका, म्हणजे भाष्यं, अजूनही बहुतेक संस्कृतातच आहेत. ज्याला मूळ वाचता येत नाही त्याला दुसऱ्या कोणाच्या सवडीने विचार करावा लागतो.

माझ्या विभागात नियम असा होता की प्रबंधाचा आराखडा मंजूर होण्याआधी संशोधनाला लागणारी भाषा सिद्ध करायची. परीक्षा विभागच घेतो. विषयातला दीडएक पानाचा उतारा, दोन तास, छापील शब्दकोश सोबत. भाषांतर सुंदर नसलं तरी चालतं, पण युक्तिवाद कुठेही उलटा होता कामा नये.

जर्मनसाठी मी उन्हाळ्यात विद्यापीठाचा फक्त वाचनाचा वर्ग केला. अशा वर्गात बोलायला शिकवत नाहीत. व्याकरण भराभर उरकतात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून खरे उतारे हातात देतात. माझ्या सोबतच्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना सगळ्यात छळत होतं ते वाक्याच्या टोकाला जाऊन बसणारं क्रियापद आणि नामाच्या आधी येणारी लांबच लांब विशेषणं. 'कांटने १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ' ही रचना जर्मनमध्ये शब्दाला शब्द याच क्रमाने येते. इंग्रजीत ती मोडून मागे-पुढे करावी लागते. मला ती मोडावी लागत नव्हती. आपण मराठीत रोज असंच बोलतो. हे लक्षात आल्यावर मी जर्मन वाक्य आधी मनात मराठीत घ्यायचं आणि मग इंग्रजीत लिहायचं अशी सवय लावून घेतली. वेळ वाचला आणि घोळही कमी झाले. मराठी येणाऱ्या प्रत्येकाला मी ही युक्ती सुचवते.

परीक्षेला उतारा आला फ्रेगेच्या १८९२ च्या 'यूबर झिन उंड बेडॉयटुंग' या निबंधातला. सकाळचा तारा आणि संध्याकाळचा तारा हे प्रसिद्ध उदाहरण ज्यात आहे तोच निबंध, पण उतारा होता पुढच्या, कमी वाचल्या जाणाऱ्या भागातला. तिथे फ्रेगे गौण वाक्यांचा विचार करतो. त्यातलं एक वाक्य असं : डेअर डी एलिप्टिशे गेश्टाल्ट डेअर प्लानेटनबानेन एंटडेक्टे, श्टार्ब इम एलेंड. 'ग्रहकक्षांचा लंबवर्तुळाकार ज्याने शोधून काढला, तो दैन्यात मेला.' रोख केप्लरकडे आहे. फ्रेगेचा प्रश्न असा : असा शोध लावणारा कोणीतरी होता, हे या वाक्यात सांगितलेलं आहे का? त्याचं उत्तर आहे, नाही; ते धरून चाललेलं आहे. सांगितलेलं असतं तर वाक्याचा नकार 'तो दैन्यात मेला नाही, किंवा असा कोणी नव्हताच' असा व्हायला हवा होता, आणि तसा तो होत नाही. १९०५ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने नेमकं याच्या उलट मत मांडलं आणि १९५० मध्ये स्ट्रॉसनने रसेलला उत्तर दिलं. भाषेच्या तत्त्वज्ञानातला अर्धशतकाचा वाद या दोन ओळींच्या वाक्यात बीजरूपाने आहे.

भाषांतर करताना कस लागतो तो इथेच. 'जो कोणी शोधेल तो' अशा ढंगाचं इंग्रजी लिहिलं तर वाक्य सरसकट होतं आणि केप्लर निसटतो. 'एका माणसाने शोध लावला आणि तो दैन्यात मेला' असं लिहिलं तर जे धरून चाललेलं आहे ते उघड सांगितलं जातं, म्हणजे आपण नकळत रसेलच्या बाजूला जाऊन बसतो. मी मराठीतली 'ज्याने… तो' ही जोडी डोळ्यांसमोर ठेवून इंग्रजी वाक्य थोडं अवघडलेलं ठेवलं आणि परवानगी होती म्हणून समासात दोन ओळींत कारण लिहिलं. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी नंतर त्या दोन ओळींवरच माझ्याशी बराच वेळ चर्चा केली.

संस्कृतचं प्रकरण वेगळं होतं. विभागाच्या नियमात जर्मन, फ्रेंच, ग्रीक, लॅटिन ही नावं होती आणि पुढे 'किंवा संशोधनास आवश्यक अशी अन्य भाषा'. माझा प्रबंध शब्दप्रमाणावर, तेव्हा माझी खरी आवश्यक भाषा संस्कृत. पण विभागात ती तपासणारं कोणी नव्हतं. मी प्रमुखांना पत्र लिहिलं : प्रबंधात कोणते ग्रंथ लागणार, त्यांपैकी कशाची भाषांतरं आहेत, कशाची नाहीत, आणि विद्यापीठात संस्कृत तपासू शकतील अशा प्राध्यापिका कोणत्या विभागात आहेत. उत्तर लगेच आलं. अडचण फक्त परीक्षक शोधण्याचीच होती आणि ती मीच सोडवून दिली होती. नियमात आपली भाषा नावानिशी लिहिलेली नसेल तर 'अन्य' या शब्दाचा पूर्ण उपयोग करून घ्यावा.

परीक्षक बाईंनी विचारलं, शब्दकोश कोणता आणणार. मी म्हटलं, आपट्यांचा आणि सोबत न्यायकोश. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश हा संस्कृतातून संस्कृतात पारिभाषिक संज्ञा उलगडून सांगतो. नियमात फक्त 'शब्दकोश' एवढंच लिहिलेलं होतं. बाई म्हणाल्या, जो न्यायकोश वाचू शकतो त्याची निम्मी परीक्षा तिथेच झाली, अवश्य आणा.

शास्त्रीय संस्कृतात शब्द अडत नाहीत. मराठी माणसाला तर निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, आणि त्या ओळखीवर फार विसंबूही नये. अडतं ते हे की आत्ता बोलतोय कोण. अवतरणचिन्हं नाहीत, परिच्छेद नाहीत. 'ननु' आला की प्रतिपक्ष बोलू लागला. 'इति चेत्, न' आलं की त्याचं बोलणं संपलं आणि उत्तर सुरू झालं. मध्येच तिसराच कोणी येतो. एक 'न' नजरेतून सुटला तर ग्रंथकाराने खोडलेलं मत त्याच्याच नावावर जमा होतं. तयारीत मी प्रत्येक ओळीच्या डावीकडे बोलणाऱ्याचं नाव लिहायची आणि नाव लिहिता आल्याशिवाय भाषांतराला हातच लावायचा नाही. बाईंनीही माझ्या उत्तरपत्रिकेत हेच पाहिलं.

उतारा होता न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या शब्दपरीक्षेचा, वात्स्यायनाच्या भाष्यासह. पूर्वपक्ष सुरू होतो 'शब्दोऽनुमानम्' असा, म्हणजे माझ्या निबंधातला वैशेषिकांचा आक्षेपच. उत्तर देताना भाष्यकार स्वर्ग, अप्सरा, उत्तरकुरू, सप्तद्वीपं अशी न दिसणाऱ्या गोष्टींची यादी देतो आणि म्हणतो की यांवरचा विश्वास नुसत्या शब्दातून येत नाही. हे आप्तांनी, म्हणजे विश्वासार्ह जाणकारांनी, सांगितलं आहे, म्हणून तो येतो. ही ओळ मी पूर्वी इंग्रजीतून अनेकदा वाचली होती. मुळात, बोलणाऱ्याचं नाव डावीकडे लिहून वाचताना तिच्यातला पेच दिसला. 'आप्तांनी सांगितलं म्हणून' हे कारण असेल तर वैशेषिक लगेच म्हणणार, मग हे अनुमानच नाही का? सांगणारा आप्त आहे, आप्त खरं बोलतो, म्हणून हे खरं. वात्स्यायनाच्या भाष्यावर लिहिणाऱ्या उद्योतकरापासून पुढच्या नैयायिकांना याचं उत्तर देत बसावं लागलं, आणि बोलणाऱ्याचं आप्तत्व हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं की नुसतं असावं लागतं, हा भेद त्या चर्चेत कळीचा आहे. अर्जातल्या निबंधात माझा मुद्दा याच्या अलीकडे थांबला होता. माझा प्रबंध सुरू होतो तो या भेदापासून.

त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायात आप्ताचं लक्षण सांगितल्यावर वात्स्यायन पुढे म्हणतो, 'ऋष्यार्यम्लेच्छानां समानं लक्षणम्'. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्त असण्याचं लक्षण सगळ्यांना सारखंच. शब्दप्रमाण म्हणजे वेदप्रामाण्य आणि म्हणून ते आधुनिक ज्ञानमीमांसेच्या कक्षेबाहेरचं, असं मला एकदा एका चर्चासत्रात ऐकवण्यात आलं. तेव्हा मी हे वाक्य मुळातून म्हणून दाखवलं आणि अर्थ सांगितला. पुढची चर्चा वेगळ्या दिशेने गेली.

आता अर्ज करणाऱ्यांकडून मला पत्रं येतात. कोणाला पाली येते, कोणाला फारसी, कोणी आजोबांकडून महानुभावांचं गद्य मुळातून वाचायला शिकलेलं असतं. ते विचारतात, हे अर्जात लिहू का? लिहा, आणि त्या भाषेत नेमकं काय वाचलंय तेही लिहा. प्रवेश मिळाला की होकार कळवण्याआधी विभागाला चार गोष्टी लेखी विचारा : भाषेची परीक्षा कधीपर्यंत द्यायची, उतारा कोण निवडतं, नापास झाल्यास पुन्हा बसता येतं का, आणि यादीत नसलेल्या भाषेसाठी बाहेरच्या विभागातला परीक्षक चालतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर त्या प्राध्यापकांना त्याच आठवड्यात पत्र टाका. अशी माणसं विद्यापीठात एखाद-दुसरीच असतात आणि ती लवकरच सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) जाणार असतील तर ते आधी कळलेलं बरं.